निम्मा नि निम्मा

इंटरच्या परीक्षेत मी नापास झालो त्याला एक राजा कारणीभूत आहे, असं मी पुढं जन्मभर सांगत आलो. खरं तर त्या वर्षी मी तीन विषयांत गडगडलो होतो. पण माणसाला आपल्या अपयशासाठी कुणी तरी धरून ठेवावा लागतो, तसा मी इस्पिकचा राजा धरून ठेवला.

प्रश्न साधा होता. बावन्न पत्त्यांतून एक पान ओढलं तर ते राजा किंवा इस्पिक असण्याची शक्यता किती? राजे चार, इस्पिकची पानं तेरा. मी चार आणि तेरा सतरा केले, बावन्नांनी भागले आणि ऐटीत पुढच्या प्रश्नाकडे वळलो. इस्पिकचा राजा दोन्हीकडे मोजला गेलाय, हे माझ्या गावीही नव्हतं. तो राजाही आहे आणि इस्पिकही आहे. त्याला एकदाच मोजायचं, म्हणून सतरातून एक वजा. त्यांनी राजा किंवा राणी विचारलं असतं तर माझी बेरीज खुशाल चालली असती, कारण एकच पान राजा आणि राणी दोन्ही असू शकत नाही. एक झालं की दुसरं होणं नाही, अशा गोष्टींची बेरीज बिनघोर करावी. जिथं दोन्ही एकदम होऊ शकतात तिथं मात्र थांबून बघावं. हल्ली शाळेच्या पुस्तकात पहिल्या जातीच्या गोष्टींना ‘परस्पर अपवर्जी घटना’ असं भारदस्त नाव आहे. आमच्या वेळी सगळं इंग्रजीत शिकवत, आणि मला ते कुठल्याच भाषेत कळलं नव्हतं.

ते मला कळलं पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत, लिहितावाचता न येणाऱ्या एका बाईच्या पडवीत. आणि कळायला जी किंमत पडली ती मी दिली नाही, तिनं दिली.

ज्या वर्षी आमच्या महाडच्या तळ्यावरून सगळा मुलूख ढवळून निघाला, त्या वर्षी मी पुण्यात पत्त्यांचं गणित चुकवत बसलो होतो. परत आलो तेव्हा वडिलांनी चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी ओळखीपाळखी काढून मला बोर्डाच्या शाळेत चिकटवून दिलं. शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि मी. वाडी कशेडीच्या अंगाला, पोलादपुराहून दीड तासाची चढण. भाताची चिंचोळी वावरं, वर नाचणी-वरीचं डोंगरउतार, आणि घरागणिक एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत. त्यामुळं दिवसा पोरांना शिकवायचं आणि शाळा सुटली की बायकांची पत्रं लिहायची, वाचायची, असा माझा दुहेरी धंदा होता. मी तसा तापट. एका कार्डात वाडीतल्या सगळ्यांचा नमस्कार कोंबायला लावत, तेव्हा मी वैतागून म्हणे, म्हशीचाही घालू का? तर एक म्हातारी गंभीरपणे म्हणाली होती, घाला, दुधाला चांगली हाय.

शाळेच्या खालच्या अंगाला एक विधवा बाई राहायची. मी तिला काकी म्हणत असे. तिचे दोन मुलगे मुंबईत एकाच गिरणीत होते. थोरला कापड विणायच्या साच्यावर कायम कामगार, धाकटा त्याचा बदली. म्हणजे थोरला रजेवर गेला की धाकट्यानं त्याच्या साच्यावर उभं राहायचं. धाकट्याला गावी यायचं तर थोरल्याला हलता यायचं नाही. साचा रिकामा राहिला तर जॉबर, म्हणजे कामगार घेणारा-काढणारा मुकादम, दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवणार. असं सात वर्षं चाललं होतं. शिमग्याला, गणपतीला एक मुलगा हमखास यायचा आणि दुसरा हमखास यायचा नाही. बाप गेला तेव्हा थोरला धावत आला, आणि बाराव्याला धाकटा पोचला तेव्हा थोरला परत निघून गेला होता.

कुठला येणार हे मात्र आधी कळत नसे. त्यासाठी काकीचा एक खेळ होता. तिच्या पानाच्या चंचीत फोडलेला अर्धा चिंचोका असायचा. एक बाजू काळी, एक पांढरी. काळी वर आली तर थोरला, पांढरी आली तर धाकटा. सण जवळ आला की ती दिवसातून चार वेळा तो पडवीत टाकायची आणि आपल्याशी हसायची. फोडलेला चिंचोका कुठल्या बाजूवर जास्त पडतो, याचा हिशोब मी कधी केला नाही. केला असता तर निदान गणित तरी सुधारलं असतं.

आता शिमग्याचं सांगायला हवं. होळीच्या दुसऱ्या दिवशी ग्रामदेवतेची पालखी वाडीत यायची आणि एकेका घराच्या उंबऱ्याशी टेकायची. पण रीत अशी की अंगणाच्या तोंडाशी त्या घरच्या पुरुषानं पालखीला खांदा द्यायचा आणि आपल्या खांद्यावरून ती दारात आणायची. घरचा पुरुष हजर नसला तर भावकीतल्या कुणी तरी आधी सांगून उभं राहायचं, नाही तर पालखी पुढं जायची; दोन्हीकडून त्या घरचा मान त्या सालापासून भावकीतल्या जवळच्या घरात जायचा. परत यायचा नाही. काकीचा दीर चार घरं सोडून राहत होता. माणूस वाईट नव्हता, पण त्या मानावर त्याचा डोळा आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आजवर तशी वेळ आली नव्हती, कारण एक मुलगा हमखास यायचाच.

त्या साली माघात धाकट्याचं कार्ड आलं. तो थोडं शिकलेला, दोघांचीही पत्रं तोच लिही. मी वाचून दाखवलं: त्याला दुसऱ्या गिरणीत कायमची जागा मिळाली होती, आता तो भावाचा बदली राहिला नव्हता. काकीनं देवापुढं गूळ ठेवला आणि मलाही दिला. शिमग्याच्या तोंडावर दुसरं कार्ड आलं. कोकणातली माणसं सगळीच रजा मागतात म्हणून दोन्ही गिरण्यांत यंदा चिठ्ठ्या टाकणार होते. निम्म्यांना रजा, निम्म्यांना नाही. थोरल्याच्या गिरणीत चिठ्ठ्या एकादशीला, धाकट्याच्या थेट होळीच्या दिवशी.

काकीनं बोटं मोजत हिशोब केला.

“थोरल्याच्यात निम्मी मानसं येनार. धाकट्याच्यात बी निम्मी. निम्मा नि निम्मा एक झाला. म्हंजी एक येतोच, व्हय ना गुर्जी?”

“येतोच, काकी,” मी म्हणालो. “सोळा आणे.”

इतकंच बोललो. सात वर्षांची सवय तिला होती तशी दोन वर्षांत मलाही लागली होती: दोन मुलगे, त्यातला एक येतो. फाल्गुन पंचमीला गावकरी देवळापुढं बसले. कुठल्या घरी पालखीला कोण उभं राहणार ते त्या दिवशी सांगायचं असतं. दिरानं सगळ्यांसमोर विचारलं, “वयनी, पोरांचा काय नेम? म्यां उभा राहू का?” तो उभा राहिला असता तर पालखी काकीच्या दारात आली असती, फक्त मान त्याच्या घरात गेला असता. काकी पदर सावरून म्हणाली, “माजा पोर येनार हाय. गुर्जींनी हिशोब केलाय.” सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली, आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

दोन दिवसांनी शाळेत पोरं निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, घोकत होती. आवाज चढत होते, मी छडीनं ताल धरला होता. दोन अर्धे एक, असं वर्ग एका सुरात ओरडला आणि माझी छडी थांबली. इस्पिकचा राजा फळ्याजवळ उभा राहून माझ्याकडं बघतोय असं मला वाटलं. दोन अर्धे एक; पण केव्हा? एक झालं की दुसरं होणं नाही, तेव्हा. धाकटा बदली होता तोवर हिशोब बरोबर होता. आता त्याची गिरणी वेगळी, चिठ्ठी वेगळी. थोरल्याची चिठ्ठी धाकट्याच्या चिठ्ठीला विचारायला जाणार नव्हती. दोघांनाही रजा मिळू शकत होती, आणि म्हणूनच दोघांनाही न मिळण्याची वाट उघडी झाली होती. मी काकीला पंचायतीत उभं करून बसलो होतो आणि माझे सोळा आणे बाराच निघाले होते.

पोरांना लवकर सोडून मी खाली गेलो. काकी पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती.

“काकी, माझी चूक झाली,” मी उभ्यानंच म्हणालो. “एक येतोच असं नाही. कदाचित कुणीच येणार नाही.”

तिचे हात थांबले. “पत्र आलं का काय?”

“पत्र नाही. हिशोब चुकला. तुमचा चिंचोका द्या जरा.”

तिनं चंचीतून चिंचोका काढला. मी तो पडवीत टाकला. पांढरी बाजू वर आली. “बघा. आजवर तुमचे दोघं असे होते. एका चिंचोक्याच्या दोन बाजू. पांढरी वर आली की काळी खालीच जाणार. दोन्ही एकदम वर येत नाहीत, आणि एक तरी येतेच. म्हणून तुमचा निम्मा नि निम्मा एक व्हायचा. आता दुसरा चिंचोका आणा.”

ती आत गेली आणि मडक्यातून एक चिंचोका आणून तिनं वरवंट्यानं तो फोडला. त्यातला एक अर्धा आणि जुना अर्धा मी तिच्या हातात दिले. “हा थोरला, हा धाकटा. आता पांढरी बाजू म्हणजे रजा मिळाली, काळी म्हणजे नाही. दोघांची चिठ्ठी वेगळी. टाका.”

तिनं टाकले. एक पांढरा, एक काळा. परत टाकले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा दोन्ही काळे पडले. ती त्यांच्याकडं बघत बसली.

“दोनी पालथी,” ती म्हणाली. “म्हंजी कोनच नाय.”

“चारातून एकदा असं होणार. मी तुम्हाला सोळा आणे सांगितलं, ते खोटं होतं.”

ती मला रागावेल म्हणून मी तयार होऊन आलो होतो. पण तिनं चिंचोके उचलले आणि पुन्हा टाकले, पुन्हा टाकले. मग एकदा दोन्ही पांढरे पडले आणि ती वाकून बघायला लागली, जणू आत काही लिहिलंय.

“गुर्जी, ह्ये बी पडतात की असं.”

“पडतात. तेही चारातून एकदा.”

“दोगं बी?” ती म्हणाली. “एकदम?”

गणित मी शिकवत होतो आणि मला फक्त काळे चिंचोके दिसत होते. ज्या वाटेनं कुणीच न येण्याची शक्यता आत आली होती, त्याच वाटेनं दोघं बरोबर येण्याचीही आली होती, हे तिनं माझ्याआधी पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा. एक मुलगा हमखास येण्याच्या सुखात तिनं हे दुःख कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि मला कधी सुचलंही नव्हतं.

“त्येंचा बा गेला तवा बी दोगं एका जागी नव्हती,” ती म्हणाली. “एका पंगतीला दोगांना वाढलं, त्याला सात वर्सं झाली. थोरल्याला वाढताना धाकटा आठावतो, धाकट्याला वाढताना थोरला. पोट भरून कोनालाच वाढलं नाय मी.” आणि लगेच म्हणाली, “कागुद घ्या. पत्र लिवायचंय.”

मी कार्ड काढलं. माझं पत्र मनात तयार होतं: ज्याला रजा मिळेल त्यानं तडक निघावं. थोरल्याला एकादशीला मिळाली तर तो होळीपर्यंत पोचतो, पालखीला खांदा देतो, मान राहतो. पण काकीनं वेगळंच सांगितलं.

“थोरल्याला लिवा. तुला रजा गावली तरी इकडं निगू नको. धाकट्याची चिट्टी व्हळीला निगंल, तवर थांब. दोगांना बी गावली तर दोगं संगं या.”

“काकी, पालखी धुळवडीला आहे,” मी म्हणालो. “होळीला चिठ्ठी निघाल्यावर निघाले तर तिसऱ्या दिवशी पोचतील. पालखी निघून गेलेली असेल.”

“ठावं हाय.”

“आणि धाकट्याला नाहीच मिळाली तर? थोरला एकटा येईल, तोही उशिरा. मानही गेला आणि दोघंही नाहीत. असं कुणी करतं का?”

“तरी बी लिवा, गुर्जी.”

मी तिच्याशी वाद घातला. आवाज चढवला. पंचायतीत तुम्ही काय म्हणालात, दीर काय म्हणेल, गाव काय म्हणेल. ती शेंगा सोलत राहिली आणि प्रत्येक वेळी तेवढंच म्हणाली. शेवटी मी खाली मान घालून लिहायला लागलो.

मी काय लिहिलं ते आज सांगतो. मी लिहिलं, “रजा मिळेल त्याने क्षणभर न थांबता निघावे. एकमेकांची वाट पाहू नये.” आणि तिला तिचीच वाक्यं वाचून दाखवली. ती समाधानानं ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “ब्येस लिवलंव.”

तिचा मान वाचावा म्हणून मी हे केलं असं मी स्वतःला समजावलं. भोळी बाई आहे, मायेपोटी आंधळी झालीय, उद्या रडत बसेल. पण खरं कारण दुसरं होतं. पंचायतीत सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं होतं आणि मी मान डोलावली होती. इस्पिकच्या राजानं एकदा माझं नाक कापलं होतं. वाडीत दुसऱ्यांदा कापून घ्यायची माझी तयारी नव्हती. कार्ड मी स्वतः उतरून पोलादपूरच्या पेटीत टाकलं.

थोरल्याची चिठ्ठी निघाली. होळीच्या दिवशी दुपारी तो चढण चढून आला आणि मी शाळेच्या दारातूनच त्याला पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी पोरांना सुट्टीच देऊन टाकली. धुळवडीला पालखी आली. ढोल वाजत होते, थोरल्यानं अंगणाच्या तोंडाशी खांदा दिला, पालखी नाचवत दारात आणली, नारळ फोडला. दीर बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि त्या मनापासून वाजवत होता. मी त्याच्या शेजारी छाती काढून उभा. काकी दाराआड होती. तिनं पालखीला हात जोडले, आणि मग तिची नजर अंगण ओलांडून खालच्या पाऊलवाटेवर गेली आणि तिथंच राहिली.

पालखी पुढच्या घरी गेल्यावर तिनं थोरल्याला विचारलं, “धाकट्याची चिट्टी निगंपर्यंत थांबला का नायस रे?”

“आये, तूच तर लिवलंस,” तो म्हणाला. “वाट बघू नका, तडक निगा म्हनून.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग ती आत जेवणाचं बघायला गेली.

थोरल्याची रजा मोजकी होती. दुसऱ्या दिवशी न्याहारी करून तो उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला. त्याची चिठ्ठी होळीलाच निघाली होती. अंगणात ट्रंक ठेवून तो हसत म्हणाला, “दादा कुठं हाय? त्याला चकवायचं म्हनून काय कळवलं नाय.” मी धाकट्याशी वेळेचा हिशोब जुळवला तेव्हा कळलं की आदल्या दुपारी लोणेऱ्याच्या आसपास त्यांच्या मोटारी एकमेकींना धूळ देऊन गेल्या होत्या. मुंबईच्या जॉबरनं यंदा त्यांना जे करायला लावलं नव्हतं ते मी करायला लावलं. सुटलेले दोन चिंचोके मी पुन्हा एक करून टाकले.

धाकटा परत गेल्यावर काकी शाळेत आली. पोरं घरी गेली होती. मी खुर्चीतून उठलो. ती दाराशीच थांबली.

“म्यां सांगितलं तसं लिवलं नव्हतंव.”

“नाही,” मी म्हणालो. “माझं चुकलं, काकी. मला वाटलं...”

तिनं पुढच्या शब्दाची वाट पाहिली नाही.

“पालखी टेकली,” ती म्हणाली. “तुमचा सबूद खरा झाला, गुर्जी. माजा ऱ्हायला.”

आणि ती गेली. ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. माझा तो स्वभावच. त्या संध्याकाळी मी जुनी वही उघडली आणि बेरजेचा नियम पुन्हा वाचला. दोन्ही शक्यता मिळवायच्या आणि दोन्ही एकदम होण्याची शक्यता वजा करायची. परीक्षेत मी ती वजा करायला विसरलो होतो, म्हणून नापास झालो. इथं मी ती न चुकता वजा केली. आणि तिला त्या सगळ्या हिशोबातून फक्त तेवढीच हवी होती.

त्यानंतर काकी पत्रं लिहून घ्यायला माझ्याकडं येईनाशी झाली. ती पोलादपूरला जायची. दीड तास उतरायचं, कुणा दुकानदाराकडून चार ओळी लिहून घ्यायच्या आणि पुन्हा चढायचं. वाटेत मी दिसलो तर “बरं हाय ना गुर्जी?” असं विचारायची. तिच्या आवाजात राग नसे. असता तर बरं झालं असतं.

श्रावणात ओढे भरले आणि पोलादपूरची वाट तीन आठवडे बंद झाली. फक्त टपालाचा माणूस कमरेएवढ्या पाण्यातून कसाबसा जाऊन येत होता. गणपती जवळ आले होते. एका दुपारी काकी डोक्यावर इरलं घेऊन शाळेत आली, इरलं बाहेर उभं केलं आणि माझ्यासमोर बसली.

“लिवा,” ती म्हणाली. “दोगांनी एकमेकाला विचारून एकाच दिशीची रजा मागा. नाय गावली तर येऊ नका, पुडल्या सनाला बगू. पन आलाव तर संगं या.”

मी लिहिलं. शब्दाला शब्द. ‘बघू’ असं सुधारायचा मोहसुद्धा आवरला.

“वाचा.”

मी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

“आता परत वाचा.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. लिहिलेलं असेल तर माणूस दोन्ही वेळा तेच वाचतो. मनानं रचून सांगणारा दुसऱ्या वेळी कुठं तरी अडखळतो, एखादा शब्द मागंपुढं होतो. फाल्गुनात मी एकदाच वाचलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ती यावर विचार करत असली पाहिजे. मी परत वाचलं. शब्द तेच होते. तिनं डोळे उघडले, मान हलवली आणि चंचीतून सुपारीचं खांड काढून माझ्यापुढं ठेवलं. सहा महिन्यांत तिनं मला दिलेली ती पहिली वस्तू.

गणपतीच्या आधीच माझी महाडला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा काकी रानात होती, भेट झाली नाही. गौरी-गणपती झाले. माझ्या मनातून ते जात नव्हतं, पण विचारायचं कुणाला? मग एक दिवस शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. अक्षर धाकट्याचं, गिरणीच्या कामानं बोटं आखडलेल्या माणसाचं.

“गुर्जींना साष्टांग नमस्कार. आम्ही दोघे एकाच दिवशी संगत आलो. काल आईने दोघांना एका पंगतीला वाढले. आई सांगते म्हणून लिहितो. तिने हे कार्ड माझ्याकडून दोन वेळा वाचून घेतले. मग तिसऱ्या वेळी वाच म्हणाली. मी म्हटले, आता कशाला, दोन्ही वेळा तेच तर वाचले. तर म्हणाली, आता नुसते ऐकायला.”